गाडी बदलताना

"बॅगा कुठे उतरवून घ्यायच्या आणि पासपोर्ट कुठे दाखवायचा, एवढं मला सांगून ठेव. बाकी मी बघते," असे सासूबाई म्हणाल्या, तेव्हा मला मनातून हसूच आले होते.

माझ्या नणंदेचे बाळंतपण अमेरिकेत, सेंट लुईसला. मे महिना, माझ्या शाळेला सुट्टी. यांची रजा मात्र ऐन वेळी नामंजूर झाली. तिकिटे तर काढलेली. शेवटी चिरंजीवांना यांच्यावर सोपवून सासूबाईंना घेऊन मीच जायचे ठरले. दोघींचाही पहिलाच परदेश प्रवास. मुंबईहून दुबई, दुबईहून शिकागो आणि तिथून लहान विमानाने सेंट लुईस. म्हणजे दोनदा विमान बदलायचे!

तोपर्यंत आमच्या घरात पासपोर्ट ही 'यांच्या कपाटातली वस्तू' होती. सगळे कागद एका निळ्या फायलीत आणि फाईल कुलपात. मी बी. ए. झालेली, शाळेत मुलांना शिकवणारी. पण स्वतःचा पासपोर्ट कधी उघडून नीट वाचला नव्हता. ती फाईल मागून घेतली आणि आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो. पाहते तो काय, तिकिटावर सासूबाईंचे नाव आणि आडनाव एवढेच; पासपोर्टवर मात्र मधे सासऱ्यांचेही नाव. तिकिटावरचे नाव पासपोर्टशी जुळायला हवे. लगेच फोन करून दुरुस्त करून घेतले. दोघींनी आपापला पासपोर्ट ताब्यात घेतला. सासूबाईंनी तर त्याच्यासाठी गळ्यात अडकवायची कापडी पिशवीच शिवली.

मग बॅगा. आमच्या तिकिटावर प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा चालणार होत्या. गर्दीत ओळखू याव्यात म्हणून चारींच्या मुठींना जुन्या इरकली साडीच्या काठाची पट्टी बांधली. औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, एकेक साडी आणि मोबाईलची पॉवर बँक हातातल्या पिशवीत. पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवता येत नाही. लोणच्याची बरणी उलट मोठ्या बॅगेत, कारण १०० मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतला पातळ पदार्थ हातातल्या सामानात चालत नाही.

सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले, तेही खसखस न घालता. संयुक्त अरब अमिरातीत खसखस न्यायला बंदी आहे. आमच्या बॅगा दुबईत बाहेर येणार नव्हत्या हे खरे. पण पुढचे विमान चुकले आणि त्या सोडवून घ्याव्या लागल्या तर? विषाची परीक्षा कशाला! कढीपत्ताही काढला. त्याच्या ताज्या पानांवरून लिंबूवर्गातल्या झाडांची कीड पसरते, म्हणून अमेरिकेत तो नेऊ देत नाहीत.

मुंबईला खिडकीवरच्या मुलीने बॅगांना लांब पट्ट्या चिकटवल्या आणि म्हणाली, "थेट सेंट लुईस." पट्टीवर मोठ्या अक्षरांत एस टी एल. मी निर्धास्त झाले. तिथेच भारत सोडल्याचे शिक्के पासपोर्टवर पडले.

दुबईत काहीच त्रास झाला नाही. आम्ही विमानतळाच्या आतच होतो, देशात शिरत नव्हतो. त्यामुळे पासपोर्टची रांग नाही, व्हिसा नाही. फक्त हातातले सामान पुन्हा यंत्रातून गेले आणि सासूबाईंची पाण्याची बाटली रिकामी करावी लागली. पण हे सुख एका तिकिटावरच्या प्रवासाचे. स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली, तर बहुतेक वेळा बॅगा मधल्या ठिकाणी घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठी त्या देशात शिरावे लागते आणि व्हिसाही लागू शकतो. वाचलेले पैसे तिथेच जायचे!

शिकागोला मात्र खरी परीक्षा झाली.

पासपोर्टच्या खिडकीशी आम्ही दोघी एकत्रच गेलो. अधिकाऱ्याने बोटांचे ठसे मागितले. माझे लगेच उमटले. सासूबाईंचे काही केल्या उमटेनात. उमटणार कसे? ४० वर्षे राखेने भांडी घासली, धुणी धुतली, बोटांवरच्या रेषा उरल्यात कुठे! अधिकाऱ्याने हात पुसायला सांगितले, जोरात दाबायला सांगितले. तिसऱ्या-चौथ्या खेपेला यंत्राने ते स्वीकारले. सासूबाई आपल्या बोटांकडे पाहत राहिल्या. माझ्या घशात आवंढा आला.

मग त्याने विचारले, "खायचं काही आहे?" घरून निघताना मी त्यांना बजावले होते, "काही कळलं नाही तर सरळ 'नो' म्हणायचं." माझ्याही ओठांवर 'नो' आले होते. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "यस. लाडू. डॉटर. बेबी." आणि दोन्ही हातांनी बाळाला झोका दिल्यासारखे केले. अधिकारी हसला, पण बॅग तपासून घ्या म्हणाला.

मी रागानेच म्हटले, "आई, मी काय सांगितलं होतं?"

"अगं, लाडू काय चोरीचे आहेत?"

पुढच्या दालनात सामानाचे पट्टे फिरत होते. माझ्या डोक्यात 'थेट सेंट लुईस' पक्के बसलेले. मी तपासणीच्या टेबलाकडे चालू लागले. मागे वळून पाहते, तर सासूबाई पट्ट्यापाशी ठाम उभ्या.

"आपल्या बॅगा इथे यायच्याच नाहीत हो. पुढे परस्पर जातील."

"त्याने बॅग तपासायला सांगितलं ना? मग ती इथंच यायला हवी. आणि हे बघ, मी ३५ वर्षे पनवेलच्या स्टँडवर महाडची गाडी बदलतेय. आपलं बोचकं उतरलं का, हे बघितल्याशिवाय दुसऱ्या गाडीत पाय नाही ठेवला कधी."

आणि खरेच, इरकली काठ बांधलेली पहिली बॅग समोरून डुलत आली!

अमेरिकेचा नियमच तसा. त्या देशात पहिल्यांदा जिथे उतराल, तिथेच पासपोर्ट दाखवायचा, बहुतेक प्रवाशांनी तिथेच बॅगा घ्यायच्या, कस्टममधून न्यायच्या आणि बाहेर पडल्यावर पुढच्या विमानासाठी पुन्हा सोपवायच्या. पट्टीवर शेवटच्या गावाचे नाव असले तरीही. आपल्याकडेही परदेशातून दिल्लीला उतरून दुसऱ्या विमानाने मुंबईला यायचे, तर साधारणपणे दिल्लीलाच हे सारे करावे लागते. म्हणून मधे तीन-चार तास तरी हवेतच.

तपासणीत लाडू परत मिळाले. अळिवाची पुडी काढून घेतली. दंड नाही, की ओरडा नाही. सांगितलेली वस्तू फार तर जाते. लपवलेली सापडली तर दंड होतो, हे मला तिथे कळले. तोंडाने 'नो' म्हणवून घेणारी मी, आणि बॅगेत हे सगळे! अजूनही आठवले की शरम वाटते. बॅगा पुन्हा सोपवल्या, छोट्या आगगाडीने दुसऱ्या इमारतीत गेलो, पुन्हा तपासणी झाली आणि सेंट लुईसच्या विमानात बसलो. खिडकीची जागा अर्थातच सासूबाईंना.

आता आमच्या नवीन पनवेलपासून जवळच उलव्याला विमानतळ झाला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. शेजारणी लेकी-सुनांकडे जायचे बेत करतात आणि मला विचारायला येतात, बॅगा कशा भरायच्या, काय न्यायचे. मी आधी एकच विचारते, "तुमचा पासपोर्ट कुठे आहे?"

"यांच्याकडे असेल," असेच उत्तर बहुतेक वेळा येते.

"मग तो आधी मागून घ्या," मी म्हणते, "आणि वाचा. बॅगांचं मग बघू."

आत सासूबाई भाजी निवडत असतात. त्या मान हलवून दुजोरा देतात.