गुडिया, चिकू आणि आकारांचा डबा

विरारहून सुटलेली डहाणू लोकल वैतरणा ओलांडते आणि डब्यातली गर्दी विरळ होऊ लागते. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव. डिसेंबरातला रविवार होता. भात कापून मोकळी झालेली खाचरे दोन्ही बाजूंना पसरली होती. एरवी या वाटेवर आम्ही नवरा-बायको शाळेच्या गप्पा मारत बसतो. त्या दिवशी दोघेही गप्प होतो.

मागच्या आठवड्यात सरावलीहून भाचीचा फोन आला होता. "खाला, गुडिया अकरा महिन्यांची झाली. तुम्ही दिलेल्या डब्यात एकसुद्धा ठोकळा बरोबर टाकत नाही. शेजारणीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, त्यातलं दहा महिन्यांचं बाळ सगळे टाकतं. हिच्या डोक्यात काही कमी तर नाही ना?" एवढे बोलून ती रडायलाच लागली.

तो डबा आम्हीच दिला होता. प्लॅस्टिकचा, झाकणाला गोल, चौकोनी आणि तिकोनी भोके, आणि त्या त्या आकाराचे रंगीत ठोकळे. गुडिया सहा महिन्यांची असताना आम्ही तो कौतुकाने नेला आणि वर मास्तरकीही केली: "रोज थोडा सराव करून घे. आकार लवकर समजले की पुढे गणित सोपे जाते." एक उर्दू शिकवणार, एक मराठी, दोघेही बी.एड. आमचा शब्द त्या पोरीने हुकूम म्हणून घेतला.

डहाणू रोडला उतरून रिक्षाने सरावलीला पोहोचलो. सलाम-दुआ झाली, चहा झाला आणि भाचीने आतून एक शंभरपानी वही आणली. तारीख, वेळ, किती ठोकळे दिले, किती बरोबर गेले. सतरा दिवसांच्या नोंदी होत्या आणि शेवटच्या रकान्यात सगळीकडे शून्य. आम्ही एकमेकांकडे पाहिले. अशा वह्या आम्ही ओळखतो. आमचा थोरला तीन वर्षांचा असताना आम्हीही त्याची अक्षरे अशीच मोजत होतो. सात वर्षांचा झाला तेव्हा तो पाटी पलंगाखाली लपवू लागला होता.

"तू आता काही करू नकोस," आम्ही भाचीला म्हटले, "नुसती आमच्याजवळ बस."

ओट्यावर वाडीतून आलेली चिकूंची टोपली होती. गुडिया रांगत टोपलीपाशी गेली. एक चिकू उचलला, हुंगला, तोंडाला लावला आणि शेजारच्या स्टीलच्या पातेल्यात टाकला. ठण्ण आवाज झाला. तिने आमच्याकडे पाहिले, मग दुसरा टाकला. पातेले भरत आले तसे तिने ते कलंडवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पंधरा-वीस मिनिटे हे चालले होते. आकारांचा डबा बाजूलाच पडला होता. मध्येच तिने त्याच्या गोल भोकावर चिकू दाबून पाहिला. जाईना. फिरवून पाहिला, तरी जाईना. मग तिने झाकणच ओढून काढले आणि चिकू आत टाकला.

"पाहिलंत?" भाची ओशाळून म्हणाली, "असंच करते."

आम्हाला हसू आवरेना. अकरा महिन्यांच्या मुलीला कळले होते की वस्तू मोठी आहे, वाट लहान आहे आणि आत जायला दुसरी वाट आहे. वहीत मात्र याला शून्य मिळाले असते.

भाचीला मग आम्ही वयाचा हिशेब समजावला. वर्षाच्या आसपासचे मूल वस्तू भांड्यात टाकते, बाहेर काढते, आपटते, चाखते. हेच त्याचे शिकणे. भोकातून आकार घालणे पुढचे. त्यातही गोल आधी जमतो, साधारण दीड वर्षाच्या आगेमागे, कारण गोल कसाही धरला तरी आत जातो. चौकोन चार प्रकारेच बसतो, सारख्या बाजूंचा तिकोन तीनच प्रकारे. त्यासाठी मनगट वळवावे लागते आणि डोळ्याने बेतावे लागते. हे दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान हळूहळू येते, कुणाला लवकर, कुणाला उशिरा.

या खेळण्याची जुनी हकिकत बी.एड.च्या काळात वाचलेली होती, ती त्या दिवशी वेगळ्या अर्थाने आठवली. लाकडी पाटीत आकारांचे खाचे करून त्यात ठोकळे बसवण्याचा प्रकार एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टर एडवर्ड सेग्विन यांनी वापरला. ज्यांना मतिमंद म्हणून बाजूला टाकले जाई, त्या मुलांना हाताच्या वाटेने शिकवण्यासाठी. मारिया माँटेसोरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले, तेव्हा त्यांच्या साधनांमागे सेग्विन यांचेच काम होते. पुढे मात्र मानसशास्त्राने तीच पाटी घड्याळ लावून बुद्धी मोजायला घेतली. आजही ती चाचणी होते. तज्ज्ञाच्या हाती तिचा उपयोग आहे. पण शिकवायला जन्मलेली वस्तू घराघरात परीक्षा होऊन बसली, आणि ती परीक्षा सरावलीच्या या घरात आम्हीच पोहोचवली होती.

दुपारी भाचीला आणि गुडियाला घेऊन आम्ही कोसबाडच्या टेकडीकडे निघालो. हा मुलूख बालशिक्षणाचा आहे, हे भाचीला ठाऊक नव्हते. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये याच तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि पुढे हे काम कोसबाडला गेले. गिजुभाई बधेका आणि ताराबाई यांनी भावनगरला माँटेसोरींच्या पद्धतीवर काम केलेले होते, पण परदेशी धाटणीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, पाने, बिया, खडे, माती आणि बांबू ही शाळेची साधने झाली. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज देशभर बोलला जाणारा 'अंगणवाडी' हा शब्द त्या कामातून आलेला आहे. ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना 1985 मध्ये पद्मश्री मिळाली.

वाटेत एका पाड्यावर कुडाच्या भिंतीवर वारली चित्रे होती. गोल डोके, दोन तिकोन टोकाला टोक लावून केलेले धड, आणि लग्नाचा चौक चौकोनी. याच तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे जगभर नेली. डब्याच्या झाकणावरचे तिन्ही आकार इथल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने कधीपासून काढले जात आहेत. भाची गुडियाला कडेवर घेऊन भिंतीजवळ गेली. गुडियाने एका गोलावर बोट ठेवले. "गोल," भाची म्हणाली, आणि लगेच आमच्याकडे वळून विचारले, "खालू, हे उर्दूत शिकवू की मराठीत?" उर्दूतही गोल, मराठीतही गोलच. तेवढ्यावर ती दिवसभरात पहिल्यांदा मनापासून हसली.

ज्यांच्या घरी लहान बाळ आहे, त्यांच्यासाठी सरावलीहून आणलेल्या चार गोष्टी लिहितो. आकारांचा डबा घेतलाच, तर सुरुवातीला झाकण काढून ठेवा, टाकणे-काढणे पुरे. पुढे फक्त गोल ठोकळा द्या. चौकोन, तिकोन नंतर. चुकला तर हात धरून बसवू नका, फार तर भोक त्याच्या बाजूला फिरवा. आणि जवळ बसून बोला: "हा गोल", "हा अडकला", "आता गेला". पाच-दहा मिनिटांत बाळाने तोंड फिरवले की खेळ संपला.

विकत घ्यायलाच हवा असे नाही. एकात एक बसणाऱ्या वाट्या, झाकणाचा डबा, पुठ्ठ्याच्या खोक्याला ग्लास ठेवून कापलेले गोल भोक आणि कापडी चेंडू एवढ्यावर भागते. मात्र तीन वर्षांच्या आतल्या मुलाला सुमारे 32 मिलीमीटर रुंदीच्या नळीत मावेल असे काहीही देऊ नका. ते घशात अडकू शकते. डहाणूकडच्या घरांत चिकूची काळी गुळगुळीत बी सगळीकडे सापडते, ती आधी उचला. अनुताईंच्या शाळेतल्या बिया मोठ्या मुलांसाठी होत्या. विकतच्या खेळण्यावर आयएसआयचे चिन्ह पाहा. 1 जानेवारी 2021 पासून ते बंधनकारक आहे.

आणि काळजी कशाची करावी? ठोकळा चुकल्याची नाही. वर्षाचे बाळ हाक मारली तरी वळत नसेल, आवाज काढत नसेल, चेहऱ्याकडे पाहत नसेल, समोर झाकून ठेवलेली वस्तू शोधत नसेल, तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत मुलांची तपासणी करते, तिथेही विचारता येते. गुडिया हे सगळे करत होती. आम्ही आल्यापासून ती आमच्या चष्म्याच्या मागे होती.

संध्याकाळच्या गाडीला निघताना आम्ही भाचीची माफी मागितली. ती म्हणाली, "खाला, असं काय बोलता?" पण तिचे डोळे भरून आले होते. त्या वहीबद्दल आम्ही काही बोललो नाही.

महिन्याभराने फोनवर आम्हीच विचारले, "वहीचं काय केलंस गं?"

"त्यात आता दुधाचा हिशेब लिहिते," ती म्हणाली. मागून पातेल्याचा ठण्ण आवाज येत होता.