उसनी शेळी

कारकुनी पेशाच्या माणसाला कागदावरील नोंदीविषयी उपजत आदर असतो. नोंदवहीत जे आहे ते आहे, आणि जे नाही ते नाही, या तत्त्वावर आमची सारी हयात उभी असते. परंतु अशाच एखाद्या माणसाच्या हाती कॅमेरा देऊन त्याला लोकांच्या अंगणात पाठवले, तर नोंदवही आणि अंगण यांमध्ये केवढे अंतर असते ते त्याला दिसू लागते. मला ते नेपाळच्या तराईत दिसले.

माझी नेमणूक पाटण्याला, एका केंद्रीय कार्यालयात आहे. मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटुकल्यांचे चित्रीकरण करता करता मला कॅमेऱ्याचा नाद लागला. जनकपूरच्या बाजूला स्त्रियांना लहान कर्जे देणाऱ्या एका संस्थेला, त्या कर्जांमुळे सावरलेल्या बायकांवर एक छोटासा माहितीपट हवा होता. मोबदला देण्याची मात्र ऐपत नव्हती. मी विनावेतन काम करण्याचे कबूल केले. नेपाळात जाण्यास भारतीय माणसाला पासपोर्ट लागत नाही. सरकारी नोकराला वरिष्ठांची परवानगी तेवढी लागते. ती मिळण्यास जितके दिवस लागले, तितके पुढे चित्रीकरणासही लागले नाहीत! अखेर पंधरा दिवसांची अर्जित रजा मंजूर झाली, आणि २०२२ साली पुन्हा सुरू झालेल्या जयनगरच्या आगगाडीने मी सीमा ओलांडली.

या कर्जांची जन्मकथा बहुतेकांच्या कानांवर असेल. १९७६ साली बांगलादेशातील चितगावजवळच्या जोब्रा गावात मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी बेचाळीस माणसांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी स्वतःच्या खिशातून सत्तावीस डॉलर दिले. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली, आणि २००६ साली त्या बँकेला व युनूस यांना मिळून शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. तारण काही नाही. पाच-पाच जणींचा गट, ठरल्या दिवशी सभा आणि सभेत सर्वांसमक्ष हप्ता, अशी ही रीत. नेपाळ सरकारनेही १९९२ पासून याच धर्तीवर बँका काढल्या. पुढे खाजगी संस्थांची संख्या वाढत गेली.

संस्थेने मला बायकांची एक यादी दिली होती. तिसऱ्या नावापुढे नोंद होती: ‘शेळीपालन, पन्नास हजार’. हे नेपाळी रुपये. आपल्या शंभर रुपयांचे तिकडे एकशेसाठ होतात, म्हणजे आपल्या हिशेबाने सव्वाएकतीस हजार. मी पोहोचलो तेव्हा अंगण सारवलेले होते आणि दोन शेळ्या खुंटीला बांधलेल्या होत्या. बाईने नवे लुगडे नेसून एकीच्या पाठीवर हात ठेवला. पण शेळी काही केल्या स्थिर राहीना. दावे ताणून ती सारखी शेजारच्या अंगणाकडे ओढ घेई. इतक्यात कुडापलीकडून एक पाच-सहा वर्षांचे पोर आले आणि त्याने सरळ विचारले, “आमच्या शेळ्या केव्हा परत देणार?”

सारेच हसले; ती बाईही हसली. मग संस्थेच्या तरुण कार्यकर्तीने मैथिलीतून हिंदीत सांगत सांगत खरी हकीकत उलगडली. कर्जाचे पैसे शेळ्यांत गेलेच नव्हते. ते गेले होते नवऱ्याला कतारला पाठवणाऱ्या दलालाच्या खिशात. त्या मुलखात घरटी एखादा तरी पुरुष आखातात नाहीतर मलेशियात असतो. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक चतुर्थांशाइतका पैसा परदेशी राबणाऱ्या माणसांकडून येतो. परंतु अर्जात ‘नवऱ्याला परदेशी धाडणे’ असा रकाना नव्हता. ‘शेळीपालन’ असा होता. तिने तो भरला.

पुढे दोन महिने नवऱ्याचा पगार अडकला. एक हप्ता तिने रात्री जागून लाखेच्या बांगड्या, तिकडच्या भाषेत लहठी, करून फेडला. दुसरा गटातील चौघींनी वर्गणी काढून भरला. मग पैसे येऊ लागले. मुलगी शाळेत जाऊ लागली, घरावर पत्रा आला. बाई सावरली होती, यात शंका नव्हती. पण तिला सावरले कोणी? कर्जाने, कतारच्या उन्हाने, चौघी शेजारणींनी, की तिच्या स्वतःच्या बोटांनी?

माझ्यापुढे मात्र पेच वेगळाच होता. शेळी दाखवावी तर ते खोटे. शेळी नाही असे दाखवावे तर कर्जाचा वापर नियमाबाहेर झाल्याचा तो पुरावा, आणि पुढचे कर्ज बंद. माझ्या खरेपणाची किंमत तिने मोजायची, हा कुठला न्याय? मी कॅमेरा मिटून बसलो. तेव्हा तिनेच विचारले, “बाबू, हे चित्र पाहणार कोण?”

“संस्थेला देणग्या देणारे. दूरच्या शहरांतले लोक.”

“त्यांना शेळीच पाहायची आहे का?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. “दीदी, तुम्हाला लोकांनी काय पाहावेसे वाटते?” असे मी उलट विचारले. ती मला घरात घेऊन गेली. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. प्रत्येक फेडलेल्या हप्त्याची एक. दोन रेघा जराशा तिरप्या होत्या. त्या कोणत्या, हे विचारण्याची गरज पडली नाही. रेघांवरून फिरणारा तिचा हात मी टिपला. शेळी टिपली नाही. माहितीपट हाती पडल्यावर संस्थेचे अधिकारी थोडे हिरमुसले. “पाहणाऱ्याला काहीतरी ठळक दिसले पाहिजे,” असे म्हणाले. त्यांनी निम्मा भाग कापला. भिंत मात्र राहू दिली. तिचे ते कर्ज आता फिटले आहे, म्हणूनच हे लिहितो आहे. गावाचे नाव मात्र सांगत नाही.

या कर्जांविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. आंध्र प्रदेशात २०१० साली वसुलीच्या जाचाचा बोभाटा होऊन सरकारला वटहुकूम काढावा लागला. काठमांडूत २०२३ साली कर्जदारांनीच मोर्चे काढले. उलट २०१५ साली सहा देशांतील सहा अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक आपल्या हैदराबादचा. त्यांचा निष्कर्ष असा, की या कर्जांनी थोडेफार भले होते, आयुष्य पालटत नाही. तराईतील ती भिंत पाहिल्यावर मला हा निष्कर्ष पटला. परंतु ‘थोडेफार भले झाले’ असे सांगणाऱ्या माहितीपटाला देणगी कोण देणार? म्हणून शेळी उसनी आणावी लागते.

अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेने यावर फार पूर्वी एक उपाय काढला होता. १९७४ साली चार हजार श्रमिक स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक उभारली, आणि १९८४ साली त्याच संस्थेतील स्त्रियांनी मार्था स्टुअर्ट या बाईंकडून व्हिडिओ कॅमेरा चालवण्याचे शिक्षण घेतले. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही आपल्या बाजाराची, आपल्या कामाची चित्रे त्यांनी स्वतः काढली.

परमुलुखात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना असा एखादा छंद असतो, आणि पदरी शिल्लक रजाही असते. त्यांनी अवश्य असे काम करावे. फक्त कॅमेरा उघडण्यापूर्वी, हे चित्र पाहणार कोण आणि त्यापायी कोणाचे काय जाणार, एवढे अंगणातल्या बाईलाच विचारून घ्यावे. पुढच्या खेपेस मी जाईन तेव्हा कॅमेरा दोन दिवस त्यांच्याच हाती देऊन पाहण्याचा विचार आहे. रजेचा अर्ज टेबलावर आहे. वरिष्ठांची सही व्हायची आहे.