पाचव्यांदा बसायचे का?

आमच्यात मुलगी शिकते आहे असे सांगितले की लोक आधी 'माशाअल्लाह' म्हणतात आणि लगेच विचारतात, 'अजून किती वर्षं?' या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही दर उन्हाळ्यात नवे उत्तर देत आलो. २०२५ च्या जूनमध्ये मुलीचा 'नीट'चा निकाल चौथ्यांदा लागला आणि उत्तरच सुचेना. लोकांना सांगण्याआधी घरात काय ते ठरवू, असे आम्ही म्हटले. घरात ठरवायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत जे बोलणे झाले, हिशेब झाले, रुसवे झाले, ते येथे मांडत आहोत. अशी घरे आज गावोगाव आहेत. निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ज्यांच्या मुलांचे फोटो येत नाहीत, ती घरे सहसा काही बोलत नाहीत.

आम्ही म्हणजे तिचे अब्बा, अम्मी आणि दादी. मुलीचे म्हणणे वेगळे आहे, ते पुढे येईलच.

घर मिरजेतले आणि धंदा पिढीजात फळांचा. मिरजेत डॉक्टर होण्याचे स्वप्न बाहेरून आणावे लागत नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली येथे मिशनचे हॉस्पिटल काढले, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आले आणि गल्लोगल्ली दवाखाने झाले. बेळगाव-विजापूरकडचे पेशंट पहाटेच्या गाडीने उतरतात. आमचा गाडा याच रस्त्यावर. कुणाचे ऑपरेशन झाले, कुणाला सुटी मिळाली, हे आम्हाला फळावरून कळते. माणूस काळजीत असला की मोसंबी अर्धा डझन मागतो, पेशंट उठून बसला की सफरचंद भाव न करता घेतो. मुलगी लहानपणी शाळा सुटली की गाड्याजवळ बसून अभ्यास करायची. समोरून पांढऱ्या कोटातल्या मुली जायच्या. त्यातली एखादी केळी घ्यायला थांबली की ही पुस्तक सोडून तिच्या गळ्यातल्या स्टेथोस्कोपकडे बघत राहायची. तेव्हा कुणी तिला 'तू डॉक्टर हो' म्हणाले नव्हते.

परीक्षा ७२० गुणांची. प्रश्न १८०, बरोबर आला तर चार गुण, चुकला तर एक वजा. निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे, बाकीचे भौतिक आणि रसायनशास्त्राचे. २०२२ साली बारावीबरोबर ती पहिल्यांदा बसली तेव्हा ३१८ गुण पडले. त्याचे कुणाला वाईट वाटले नाही. अकरावीचे वर्ष कोरोनात, एका मोबाईलवर, धाकट्या भावाशी पाळी लावून गेले होते. शिवाय दहावीपर्यंत मराठी माध्यम. 'पेशीभित्तिका' एका रात्रीत 'सेल वॉल' झाली, 'संवेग' म्हणजे 'मोमेंटम' हे कळायला दिवाळी उजाडली. पेपर मराठीतही मिळतो, २०१८ पासून उर्दूतही मिळतो, पण क्लास आणि पुस्तके इंग्रजीत असतील तर मराठी पेपर घेऊन मूल करणार काय?

२०२३ मध्ये तिला लातूरला ठेवले. अम्मीचे चार तोळे त्या वर्षी गेले. गुण ४७१ आले. आणखी एक वर्ष, असे सगळेच म्हणाले, तीही म्हणाली. २०२४ ला ५८३ पडले आणि आम्ही पेढे वाटले. वर्षभर आधी हे गुण असते तर सरकारी कॉलेजच्या दारात तरी उभे राहता आले असते. पण त्या वर्षी सगळी शिडीच वर सरकली. देशात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० असे जाहीर झाले, १५६३ मुलांना वाढीव गुण दिल्याचे बाहेर आले, पेपर फुटल्याच्या तक्रारी झाल्या आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जुलैला न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला. तोवर पुढच्या अभ्यासाला बसायचे की फेरपरीक्षेची वाट बघायची, हेच मुलीला कळत नव्हते. पुस्तक उघडून ती बातम्या बघत बसायची.

२०२५ ला पेपरची तऱ्हा बदलली. आधीची वीस मिनिटे जादा वेळ गेली, पर्यायी प्रश्न गेले, भौतिकशास्त्र असे निघाले की देशात पहिल्या आलेल्याला ६८६ गुण. आमच्या मुलीला ४५२. चार वर्षांचा हा आलेख बघून तिचे मामू म्हणाले, पोरगी वर गेली की कट-ऑफ वर जातो आणि पेपर अवघड झाला की पोरगी खाली येते, दोघांची गाठ काही पडत नाही.

नातेवाइकांना एक गोष्ट समजावताना आमचे तोंड दुखले. निकालपत्रावर 'क्वालिफाइड' असे छापून येते. मग ॲडमिशन का नाही? २०२५ ला बावीस लाखांहून जास्त मुले बसली, त्यांतली बारा लाखांहून जास्त पात्र ठरली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास. त्यातल्या जवळजवळ निम्म्याच सरकारी. दहा पात्र मुलांमागे एक जागा. हे ऐकून तिच्या फुफू म्हणाल्या, "मंग पास करतेच कायकू?" यावर आमच्याकडे उत्तर नाही.

पाचव्यांदा बसावे, या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ होते. त्यात सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जात पडताळणीचा कागद. आम्ही बागवान, म्हणजे ओबीसी. मुसलमानांतल्या व्यवसायावरून ओळखल्या जाणाऱ्या जमातींना या सवलती मिळाव्यात म्हणून मुस्लिम ओबीसी चळवळीने किती वर्षे घालवली, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. पण यादीत नाव असणे वेगळे आणि कागदावर ते सिद्ध करणे वेगळे. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मुलीच्या दादांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी लिहिले होते 'मुसलमान'. बस्स, एवढेच. त्यांच्या भावाच्या दाखल्यावरही तेच. जुन्या काळच्या मास्तरांना मुसलमानात आणखी काही असते हे कुणी सांगितले नसावे, आणि शाळेत नाव घालायला गेलेल्या पणदादांनाही त्या रकान्याचे पुढे काय होणार हे ठाऊक नसावे. शेवटी एका चुलत दादांचे नाव नगरपालिकेच्या शाळेच्या रजिस्टरात सापडले, समोर बाळबोध अक्षरात 'बागवान'. मग वंशावळ, शपथपत्र, फेऱ्या. सगळे होऊन पडताळणी हातात आली तोवर पहिल्या दोन वर्षांच्या प्रवेशफेऱ्या खुल्या गटातून निघून गेल्या होत्या.

२०१४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने मुसलमानांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश काढला, उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणाचा भाग चालू राहू दिला आणि डिसेंबरात अध्यादेशाची मुदतच संपली. त्याचा कायदा झालाच नाही. तेव्हा आमची मुलगी चौथी-पाचवीत होती. त्या आशेवर आम्ही कधी राहिलो नाही. पण या कागदाचे तसे नव्हते, तो हातात होता. शिवाय आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ करण्याचा निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. म्हणजे खासगी कॉलेजची जागासुद्धा, फेरीतून मिळाली तर, आवाक्यात. इतकी वर्षे दोर आखूड होता, आता तो विहिरीच्या पाण्याला लागत होता. अशा वेळी सोडायचे?

दादींचे म्हणणे आमच्या धंद्यातले होते. आमच्याकडे आंब्याची बाग मोहरावर उक्ती घेतात. जानेवारीत मोहर बघायचा, आकडा ठरवायचा, मालकाला पैसे मोजायचे; मग वारा येवो, गारा पडोत, नशीब तुमचे. दादी म्हणाल्या, "आम का झाड एक बरस फलता, एक बरस बैठता. पिछले बरस फल्या, इस बरस बैठ्या. अगले बरस फलेगा." अब्बांनी आठवण दिली की सलग तीन वर्षे बुडालेला बागवान चौथ्या वर्षी कर्ज काढूनच बाग घेतो, आणि अशा बागवानांची घरे गावात कोणती ती सगळ्यांना माहीत आहेत.

कर्जाचा विषय निघाला की आमच्या घरात वेगळीच शांतता पसरते. शैक्षणिक कर्ज म्हणजे व्याज, आणि व्याज म्हणजे सूद. दादींना ते मान्य नाही. अब्बांचे म्हणणे, गरज असेल तर अल्लाह मेहरबान आहे, पण पाचव्यांदा क्लास लावणे ही गरज म्हणायची का? एका ओळखीच्यांनी जकातीच्या पैशातून फी भरायची तयारी दाखवली. चांगल्या मनाने दाखवली. पण साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीइतकी शिल्लक ज्याच्याकडे वर्षभर राहते, त्याने जकात द्यायची असते, घ्यायची नसते. आमची शिल्लक त्या रेषेच्या कधी वर, कधी खाली. रमजानमध्ये अब्बांनी गाड्यावरचा माल, उधारी, घरातले उरलेसुरले सोने असा सगळा हिशेब मांडला. आपण थोडेसे का होईना, देणाऱ्यांत आहोत असे निघाले. त्या दिवशी अब्बांना आनंद झाला की दुःख, हे त्यांनाच सांगता येईना.

बाहेरच्या देशाचा मार्ग सांगणारेही आले. किर्गिझस्तान, जॉर्जिया, रशिया. फोल्डरवर बर्फातली इमारत आणि खाली 'भारतीय मेस'. यांतला एकही जण आपणहून हे सांगत नव्हता की परत आल्यावर ३०० गुणांची आणखी एक परीक्षा असते आणि तीत १५० मिळाल्याशिवाय येथे डॉक्टरकी करता येत नाही. २०२२ मध्ये युक्रेनमधून हजारो मुले पुस्तके टाकून परतली, ते दूरदर्शनवर आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. हा विषय एका संध्याकाळीच मिटला.

युनानीचा विषय मात्र रेंगाळला. मालेगाव, मुंबई, पुणे येथे कॉलेजे आहेत, त्यांचाही प्रवेश 'नीट'वरूनच. पण युनानीचे शिक्षण उर्दूशी बांधलेले. आमची मुलगी मराठी शाळेतली. घरात दखनी, बाहेर मराठी, कुराण अरबीत वाचते, आणि उर्दू लिपी अडखळत लावते. बाहेरच्यांना मुसलमानाच्या पोरीला उर्दू येत नाही याचे नवल, आणि आपल्यातल्यांना तिचे मराठी इतके साफ कसे याचे नवल. या दोन नवलांच्या मध्ये आमच्या पिढ्या वाढल्या आहेत. ती म्हणाली, भाषा शिकायची तर आवडीने शिकेन, सीट मिळावी म्हणून नाही.

लग्नाचा विषयही निघाला. न निघता कसा राहील? एकवीस पूर्ण झाली. दोन स्थळे आली, त्यातल्या एकांनी विचारले, "डॉक्टर होणार हे नक्की आहे का?" अम्मीने चहा दिला आणि काही उत्तर दिले नाही.

सगळ्यात अवघड होते ते हे की थांबा असे सांगणारे कुणी नाही. संधींना मर्यादा नाही. कमाल वयाची अट होती, तीही २०२२ मध्ये काढून टाकली. दार उघडेच आहे. अम्मी एकदा म्हणाली, कुणी दार लावून घेतले असते तर पोरीने घरी येऊन चार दिवस रडून घेतले असते. उघड्या दारासमोर बसलेल्या माणसाला ऊठ म्हणायचे कुणी?

सप्टेंबरात मुलीने वही आणून समोर ठेवली. चार वर्षांचे गुण विषयवार लिहिले होते. जीवशास्त्र दर वर्षी वाढत गेलेले. २०२५ ला पेपर अवघड असूनही ३६० पैकी ३०५. रसायनशास्त्र ९२. भौतिकशास्त्र १८० पैकी ५५. ती शांतपणे समजावत होती, जणू परीक्षा आमची होती. भौतिकशास्त्र मला येते, पण त्या वेगाने येत नाही. चार वर्षांत आले नाही ते आठ महिन्यांत कसे येईल? आणि खालचे वाक्य तिने घरच्या बोलीत सांगितले, ते तसेच देतो. "मेरेकू अब नई बैठना. कोई थक गया करके नई. मैं बोलतूँ करके."

दादी म्हणाल्या, एक बार और. अब्बा काही बोलले नाहीत, पण त्यांचाही कल तिकडेच होता, ते चेहऱ्यावरून कळत होते. अम्मीने विचारले, मग काय करणार? तिने आधीच फिजिओथेरपीचा पर्याय भरला होता. त्यालाही 'नीट'चेच गुण लागतात, आणि ४५२ ला तेथे किंमत होती. म्हणजे चार वर्षे वाया गेली असे म्हणणाऱ्यांना तिच्याकडे आकड्यात उत्तर होते. आम्ही तिघांनी तिला आणखी आठ दिवस विचार करायला सांगितले. नववा दिवस उजाडला तरी तिचे उत्तर तेच.

ऑक्टोबरात प्रवेश झाला. दोन बस बदलून जावे लागेल असे गाव आहे. पडताळणीच्या कागदामुळे शुल्क माफ झाले. वसतिगृह आणि खाणावळ आमच्याकडे. पहिल्याच वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया शिकायची आहे. हाडांची चित्रे असलेले जाडजूड पुस्तक ती निघण्याआधीच वाचत बसली, आणि दादींनी खाटेवरून पाय पुढे करून सांगितले, "मेरा घुटना पैले देख."

धाकटा आता बारावीला आहे. तो कॉमर्स घेऊन बसला आहे. परवा त्याने गाड्याच्या उधारीची वही मोबाईलवर चढवली, आणि सगळ्यांत जुनी थकबाकी एका डॉक्टरांची निघाली.