कॅलेंडरवरचा दिवा

नातीच्या शाळेत एका चित्रावरून चार विषय शिकवतात. त्याला काहीतरी भारदस्त नाव आहे म्हणे. आमच्या वर्गात एक जुनं कॅलेंडर होतं... सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप'. स्वतःच्या मुलीला उभं करून काढलेलं जलरंगातलं चित्र. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा.

चौथीला विचारलं, "बोटं लाल का दिसतायत?" खिडक्या लावल्या, प्रत्येकाने बॅटरीवर हात धरला. रक्तातून लाल उजेड जास्त पार होतो, हे मग चटकन पटलं. नकाशात चित्रकाराची सावंतवाडी शोधली, मूळ चित्र जिथे आहे ते म्हैसूरही. कितीतरी जण हे रविवर्म्याचं समजतात (शिकलेलेसुद्धा!). रविवर्मा १९०६ साली गेले, चित्र १९४० नंतरचं. पोरांनीच वजाबाकी करून निकाल लावला.

निबंधाला मात्र हुशार मुलं अडली. घरी वीज नसलेली, एरवी तोंड न उघडणारी एक पोर सात ओळी लिहून मोकळी झाली: वारा कुठून येतो, आई हात कुठे धरते, चटका कधी बसतो.

तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "हे कुठल्या तासात बसतं?" मी तिची वही पुढे केली. ती त्यांनी उभ्यानेच वाचली.