एका थापेचा हिशोब

विज्ञानकथा लिहिणाऱ्याला एक थाप मारायची मुभा असते. एकच. वाचक ती मुकाट्याने मान्य करतो आणि लगेच हिशोबाची वही उघडून बसतो. म्हणून दिवाळी अंकासाठी कथा लिहायची असली की मी आधी थाप ठरवतो आणि मग तिची किंमत कुणाला, कुठे मोजावी लागेल याची यादी करतो. यादी दोन ओळींत आटोपली तर त्या कल्पनेच्या वाटेला जात नाही.

या बाबतीत माझा गुरू एच. जी. वेल्स. १८९७ सालच्या ‘द इनव्हिजिबल मॅन’मधला ग्रिफिन शरीराचा अपवर्तनांक हवेइतका करतो. काचेची पूड पाण्यात दिसेनाशी होते, तेच तत्त्व. थाप एवढीच; पुढे सगळा खर्चच. अंग दिसत नाही, पण कपडे दिसतात. म्हणजे ऐन जानेवारीत लंडनच्या रस्त्यांवर उघड्याने फिरणं आलं.

जेम्स व्हेलच्या १९३३च्या चित्रपटात ग्रिफिन आपल्या अडचणी स्वतःच सांगतो. जेवल्यावर अन्न पचेपर्यंत लपायचं, पावसात निघायचं नाही, धुक्यात आकार उमटतो, शहरात काजळी अंगावर बसते. चित्रपटातला हा माझा सर्वांत आवडता संवाद. तो ऐकता ऐकता प्रेक्षकाचं डोकं पुढे धावू लागतं. शेवटी बर्फ पडतो, पावलांचे ठसे उमटतात आणि पोलीस गोळी झाडतात. हे अनपेक्षित असतं, तरी आपल्यालाही सुचलं असतं असं वाटत राहतं. या प्रकारच्या चित्रपटांची खरी मजा त्यातच आहे. गंमत म्हणजे ते ठसे बुटांचे आहेत! अनवाणी माणसाला बूट कुठले, असं विचारणारे प्रेक्षक आजही भेटतात. ते चित्रपटावर रुसलेले नसतात, रंगलेले असतात.

आपल्या ‘मिस्टर इंडिया’त (१९८७) मनगटावरचं यंत्र माणसाला कपड्यांसकट गायब करतं. विज्ञान जवळपास शून्य. पण लाल प्रकाशात तो दिसतो, हा एक नियम आहे आणि तेवढ्यावर पोरंसोरं पडद्यावर लाल रंग शोधत बसतात. २०२०च्या ‘द इनव्हिजिबल मॅन’मध्ये तर ली व्हॅनेलने किंमत भलत्याच माणसाकडून वसूल केली. अदृश्य होतो तो. भोगते त्याच्या तावडीतून पळालेली बाई, कारण तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. कॅमेरा रिकाम्या कोपऱ्याकडे वळतो आणि आपण त्या कोपऱ्याला घाबरतो.

मग काटेकोर विज्ञानाचं काय? खरं तर अदृश्य माणूस आंधळा असायला हवा. डोळ्यातला पडदाच पारदर्शक झाला तर प्रकाश आरपार जाईल, चित्र उमटणार कशावर? वेल्सला याची जाण असावी. ग्रिफिन आधी एका मांजरीवर प्रयोग करतो, तेव्हा तिच्या डोळ्यांमागचा चमकता थर काही केल्या जात नाही. ग्रिफिनच्या बाबतीत मात्र वेल्स हा खर्च गुपचूप माफ करतो. आंधळा ग्रिफिन लंडनच्या पहिल्याच चौकात गाडीखाली आला असता आणि कथा तिथेच आटोपली असती.

थंडी, भूक आणि पाऊलखुणा यांची वसुली मात्र पुरेपूर होते, कारण त्यांच्यातून माणूस एकटा पडत जातो. कुठला खर्च वसूल करायचा आणि कुठला माफ करायचा, हे भौतिकशास्त्र सांगत नाही. ते लेखकालाच ठरवावं लागतं.