घरी शिवलेला पतंग

संक्रांतीच्या आठवड्यात अहिल्यानगरच्या कापडबाजारात उभे राहून वर पाहिले, तर दोन बाजूंच्या गच्च्यांमधल्या आकाशाच्या पट्टीत पतंगांची दाटी दिसते. त्याखाली विजेच्या तारांवर, लिंबाच्या फांद्यांत आणि फलकांच्या कडांवर तुटलेल्या दोऱ्यांचे जाळे असते. पतंग चार दिवसांत फाटून नाहीसा होतो; दोरा मात्र महिनोन् महिने लोंबत राहतो. त्यात कबुतर, बगळा किंवा घुबड अडकते ते संक्रांतीलाच असे नाही, फाल्गुनातही अडकते. तेव्हा मात्र गच्चीवर कोणी नसते, आणि खाली उतरवायला शिडी घेऊन येणाराही नसतो.

राष्ट्रीय हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि काच लावलेल्या मांजावर देशभर बंदी घातली. पतंगासाठी साधा सुती दोरा तेवढा ठेवला. गुजरातेत त्याच वर्षापासून उत्तरायणाच्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी ‘करुणा अभियान’ चालते. बंदी झाली, तरी दोरा मिळायचा तिथे मिळतोच. आणि जुना सुती मांजा निर्दोष होता, असेही म्हणवत नाही. कुटलेली काच दोऱ्याला धरून राहावी म्हणून जी खळ करीत, तिच्यात सरसही घालीत. आणि सरस कशापासून काढतात, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही.

म्हणूनच आपल्यापैकी अनेकांच्या घरी पतंगाला मनाई आहे. आमच्याकडेही ती माझ्या वडिलांच्या काळापासून होती. पण बारा वर्षांच्या मुलाला मित्र असतात आणि मित्रांना गच्च्या असतात. गेल्या संक्रांतीला नातू संध्याकाळी घरी आला तो उजव्या हाताची मूठ मिटून. तर्जनीवर खोल चिरा होता. “दादाजी, मी कोणाचा पतंग कापला नाही, नुसती आसारी धरली होती,” तो म्हणाला. त्याच्या दादीने हळद लावता लावता विचारले, “धरलीस म्हणजे साथ दिलीसच ना रे?” करणे, करविणे आणि अनुमोदन देणे यांतील भेद-अभेद पाठशाळेत शिकलेला मुलगा. तो गप्प बसला. मग म्हणाला, “मग मी काय उडवू?”

प्रश्न रास्त होता. ‘काहीच नको’ हे उत्तर त्याला पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गच्चीवर नेणार, हे मला दिसत होते. ज्याला काटाकाटीची गरजच नाही, असा पतंग हवा होता. तसा पतंग आहे आणि तो कापडाचा असतो, हे कळल्यावर कापडाच्या धंद्यात चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाचे कुतूहल जागे झाले नसते तरच नवल.

त्याला डेल्टा म्हणतात, कारण त्याचा आकार डेल्टा या त्रिकोणी ग्रीक अक्षरासारखा. आपल्याकडची जुनी वावडी किंवा चौकोनी पतंग हे कागद आणि कामटीचे काम. डेल्टा हे शिंप्याचे काम आहे. त्याच्या वंशावळीत अमेरिकेतील फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांचे नाव येते. फ्रान्सिस विमानविद्येचे अभियंते. या दांपत्याने लवचीक पंखाचा पतंग घरीच तयार केला, त्याला १९५१ मध्ये पेटंट मिळाले, आणि पुढे अंतराळयान जमिनीवर अलगद उतरविण्यासाठी त्या पंखाच्या चाचण्याही झाल्या. पहिला पंख स्वयंपाकघराच्या पडद्याच्या छिटाचा होता, आणि तो शिवला होता गर्ट्रूडबाईंनी. आमच्या सौभाग्यवतींना ही हकीकत फार आवडली. मशीन त्यांचे असल्याने त्यांची संमती आवश्यकही होती.

कापड निवडताना रेशीम पहिल्यांदा बाद. जुने चिनी पतंग रेशमाचे असत, पण कोशातले जीव उकळून काढलेला धागा आपल्या कामाचा नाही. सुती कापडातून हवा गळते आणि ते जड पडते. छत्रीचे कापड किंवा कोटाच्या अस्तराचे दाट विणीचे टॅफेटा उत्तम. ४४ पन्ह्याचे दोन मीटर पुरते. त्यातून ६८ इंच पाया आणि ३४ इंच उंची असलेला त्रिकोण काढावा. वरच्या दोन्ही तिरप्या कडा ४८-४८ इंच येतात. हे तयार माप झाले, दुमडीसाठी कापड वेगळे धरावे. येथे कापडवाल्याचे ज्ञान उपयोगी पडते. पतंगाची मागची, म्हणजे पायाची कड कापडाच्या काठाला समांतर, उभ्या धाग्यात ठेवावी. त्या कडेला काडीचा आधार नसतो. ती तिरप्या धाग्यात आली तर वाऱ्याने ओढून सैल पडते आणि फडफडते. तिरप्या धाग्यात येतात त्या वरच्या कडा, पण त्यांच्यात काड्या असतात. दोन्ही पंखांचा ताण सारखा हवा, एवढे एक सूत्र सांभाळले की पुष्कळसे काम झाले.

वरच्या दोन कडांना आणि मधोमध, परकराला नाड्यासाठी करतो तसा, नेफा शिवायचा. टाका लांब ठेवावा. बारीक टीप मारली तर सुईच्या भोकांनी कापड टिकलीच्या पाकिटासारखे ओळीने फाटते. कोपऱ्यांच्या उरलेल्या तुकड्यांतून दुहेरी कापडाचा एक त्रिकोणी पडदा कापून तो पतंगाच्या पोटाखाली मधल्या रेषेवर शिवायचा. होडीच्या कण्यासारखे त्याचे काम. त्याच्या टोकाला तीन काजे करून त्यांपैकी एकात दोरा बांधायचा. येथे वेगळी कन्नी लागत नाही.

काड्या चार. मधली ३४ इंचांची. दोन पंखांच्या, प्रत्येकी सुमारे ३८ इंच. त्या टोकाकडून नेफ्यात सरकवायच्या आणि नाकापर्यंत न्यायच्या नाहीत, वरचे नऊ-दहा इंच कापड मोकळेच राहू द्यायचे. चौथी आडवी, सुमारे ३२ इंचांची, पाठीमागून दोन्ही पंखांच्या काड्यांना जोडणारी. ती मधल्या काडीला बांधायची नाही. वाऱ्याचा झोत आला की पंख मागे झुकतात आणि झोत ओसरला की पुन्हा उघडतात. शेपटीशिवाय तोल राहतो तो याच सवलतीमुळे. आम्ही काड्या बांबूच्या तासल्या. पंखांच्या दोन काड्या समान वजनाच्या असाव्यात म्हणून नातू त्या शेजारच्या सराफांच्या काट्यावर घेऊन गेला. पहिल्या वेळी अडीच ग्रॅमचा फरक निघाला. सराफांनी गंभीरपणे सांगितले, “जास्तीची घडणावळ कमी करा.” तासून दुसऱ्यांदा नेल्या तेव्हा काटा हलला नाही.

दोरा साधा, पिळाचा, सुती. मांजाला धार लागते, याला ताकद लागते. दुकानात पाच किलोचे वजन टांगून तो पाहून घेतला. काच नाही म्हणजे हिंसा टळली, असे मात्र समजू नये. साधा दोराही झाडावर राहिला तर पंखाला गुंतणारच. म्हणून झाडे आणि महावितरणच्या तारा यांपासून दूर जायचे, आणि पाखरे बाहेर पडण्याची सकाळ व परतण्याची संध्याकाळ सोडायची.

पाथर्डी रस्त्यावर चांदबिबीच्या महालाच्या (ती खरे तर सलाबतखानाची कबर, पण नगरकर ऐकत नाहीत) अलीकडच्या उघड्या माळावर आम्ही सकाळी अकराला गेलो. पौषातला वारा जेमतेम होता. पहिल्या उड्डाणात पतंग डोक्यावरून पुढे गेला आणि कोलमडला. दोरा एक काजे मागे बांधला. ओढ खूप लागली असती आणि चढला नसता, तर नाकाकडे न्यायचा. दुसऱ्यांदा तो हातातून निघाला आणि फडफड न करता वर जाऊन उभा राहिला. अर्ध्या तासाने एक घार त्याच्याभोवती दोन घिरट्या घालून निघून गेली.

नातवाला सारेच पटले, असे नाही. “काटाकाटी नाही तर मजा अर्धी,” असे त्याने तेथेच सांगितले, आणि मी वाद घातला नाही. पण दोरा गुंडाळायला तो कोणाला देईना. जाताना आसारीवर दोनशे मीटर होता, परतताना तो पूर्ण दोनशे भरला पाहिजे, ही अट मी घातली होती. रोजमेळ जुळल्याशिवाय आपण दुकान बंद करतो का?

आठवडाभरात त्याचे दोन मित्र दुकानात आले. त्यांतल्या एकाच्या गच्चीवरच तर्जनी कापली होती. त्यांना असाच पतंग हवा होता, लाल आणि निळा. नातवाने गल्ल्याजवळ येऊन हळूच विचारले, “दादाजी, अस्तराचे कटपीस खरेदीभावाने मिळतील का?” मी भाव सांगितला. तो घासाघीस करू लागला.