धर्म न मानणाऱ्यांसोबत सेवाकार्य

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाने घरी कळवावे, की जैन विद्यार्थी मंडळाने धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मंडळासोबत सेवाकार्य हाती घेतले आहे, तर आईवडिलांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. या संगतीने संस्कार तर सुटणार नाहीत ना?

शंकेचे उत्तर जैन दर्शनातच आहे. हे दर्शन सृष्टिकर्ता ईश्वर मानत नाही. वेदप्रामाण्य न स्वीकारल्यामुळे परंपरेने त्याची गणना ‘नास्तिक’ दर्शनांत केली. अर्थात आत्मा, कर्म आणि मोक्ष यांबाबत मतभेद उरतोच. तो लपवण्याचे कारण नाही. समोरच्याच्या म्हणण्यातील सत्यांश पाहावा आणि स्वतःची श्रद्धा ढळू देऊ नये, हाच अनेकान्ताचा व्यवहार.

तेथील विद्यापीठांना असे सहकार्य नवे नाही. धर्मनिरपेक्ष विद्यार्थी मंडळांना साहाय्य करणारी ‘सेक्युलर स्टुडंट अलायन्स’ २००० साली स्थापन झाली. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या शासनाने सर्वधर्मीय आणि धर्म न मानणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून समाजसेवा करावी, असे आवाहन महाविद्यालयांना केले. २०२१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील विविध धर्मांच्या उपदेशकांनी आपल्या संघाच्या अध्यक्षपदी ग्रेग एपस्टाइन या निरीश्वरवादी मानवतावाद्याची निवड केली.

तथापि सहकार्य सदिच्छेवर टिकत नाही. व्यापारी घरांना हे सांगावे लागत नाही. भागीदारीच्या अटी आधीच ठरवाव्या लागतात. खर्चाचा वाटा किती, फलकावर कोणाची नावे, कार्यक्रमात प्रार्थना होणार की नाही, हे लिहून घ्यावे. गरजूंसाठी भोजनाची पाकिटे बांधणे, वृक्षारोपण करणे अशा सर्वमान्य कामाने आरंभ करावा. तत्त्वचर्चा ओळख वाढल्यावर. जैन विद्यार्थ्यांनीही आपले नियम संकोच न करता सांगावेत. कंदमुळे वर्ज्य, पर्युषणात कार्यक्रम नको, भोजन सूर्यास्तापूर्वी. डिसेंबरात बोस्टनला सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. तेव्हा सहभोजन दुपारीच ठेवावे लागते. कारण समजले, की वेळ बदलायला सहसा कोणी नकार देत नाही.

अशा वेळी मुलांना ‘हे का?’ असा प्रश्न विचारला जातो. घरात केवळ सवयीने पाळलेल्या नियमाचे कारण त्यांना प्रथमच शब्दांत मांडावे लागते. ते मांडता यावे, एवढी तयारी घरानेच करून द्यायला हवी. संगतीची भीती घालण्यापेक्षा ही शिदोरी अधिक उपयोगी पडेल.